टॅरंटुला पाळायचा झाल्यास : कोणता घ्यावा, कोणता नाही

हल्ली काही घरांतल्या मुलांना कुत्र्यामांजरांऐवजी टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळावासा वाटतो. एकदम 'नाही' म्हणण्यापूर्वी आपण थोडी माहिती घेऊ या.

टॅरंटुलाचे ढोबळ मानाने दोन गट पडतात. अमेरिका खंडांतील बहुतेक जातींच्या पोटावर खाज आणणारे बारीक केस असतात. धोका वाटला की मागच्या पायांनी ते केस उडवतात. विष मात्र सौम्य असते. आशिया-आफ्रिकेतील जातींना असे केस नसतात. त्या चपळ असतात, पटकन चावतात आणि त्यांचे विष अधिक त्रासदायक असते. म्हणून नवशिक्याने पहिल्याच गटातून निवड करावी. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा, चिलीचा गुलाबी आणि मध्य अमेरिकेचा कुरळ्या केसांचा, हे तीन संथ व सोशिक मानले जातात. तरी कोणताही कोळी हातावर खेळवू नये. केस डोळ्यांत गेल्यास इजा होते आणि खाली पडल्यास कोळ्याचे पोट फुटू शकते.

आम्हां बँकवाल्यांना आधी मुदत पाहायची सवय! नर काही वर्षांतच मरतो, पण मादी वीस वर्षांहूनही अधिक जगू शकते. नातू शिकायला बाहेरगावी गेला की तिला नाकतोडे कोण घालणार, हे आधीच ठरवावे. कात टाकताना कोळी उताणा पडतो. तो मेला समजून फेकू नये, हलवूही नये.

मुलांना सर्वांत भुरळ घालतो तो गुत्तीचा निळा कोळी. मुरारराव घोरपड्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेली, आंध्रातली हीच ती गुत्ती. १८९९ मध्ये पोकॉक यांनी या जातीचे वर्णन केले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, २००१ मध्ये, ती नंद्याळ-गिद्दलूर दरम्यानच्या जंगलात पुन्हा सापडली. जुन्या झाडांच्या ढोलीत ती राहते. झाडे तुटत चालल्यामुळे आज ती अतिसंकटग्रस्त आहे. २०१९ पासून तिच्या संपूर्ण प्रजातीच्या (जीनसच्या) आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचे नियंत्रण आहे. तिचा दंशही फार वेदना देतो. तेव्हा ती रानातच राहू द्यावी.

मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा कोळीही 'साइट्स'च्या यादीत आहे. अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आवश्यक केली आहे. विक्रेत्याकडे आधी कागदपत्रे मागावीत. ती नसतील, तर कोळी कितीही देखणा असला तरी व्यवहार करू नये.