न्यूपोर्टची उलटी उघाडी

बेल्जियमच्या किनाऱ्यावर न्यूपोर्टला इझर नदी आणि तिच्या आसपासचे कालवे एका जागी येऊन समुद्राकडे वळतात. तिथे अर्धवर्तुळात सहा जलद्वारे आहेत. मांडणी हंसाच्या पंजासारखी, म्हणून नाव गान्झेपोट. मागची शेतजमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली. म्हणून ओहोटीला दारे उघडून शेतातले पाणी समुद्रात सोडायचे आणि भरती चढू लागली की दारे लावायची. रायगडच्या खारबंदिस्तीत उघाडी हेच काम करते.

पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४मध्ये हा क्रम उलटा करायचे ठरले.

जवळजवळ सगळा बेल्जियम जर्मनांच्या हाती गेला होता. बेल्जियमचा राजा अल्बर्ट याचे थकलेले सैन्य इझरच्या काठी उभे होते आणि तोफगोळे संपत आले होते. २२ ऑक्टोबरच्या पहाटेपर्यंत जर्मनांनी नदी ओलांडली. मागे उरला तो न्यूपोर्ट-डिक्समुडे रेल्वेचा बुटका भराव. नदी आणि भराव यांच्यामधल्या पट्ट्यात समुद्र आणायचा, हा शेवटचा उपाय होता. पण भरावाखालच्या मोऱ्यांतून ते पाणी बेल्जियन सैनिकांच्याच अंगावर आले असते. म्हणून आधी २२ मोऱ्या बुजवल्या.

पाण्याचा हिशेब सेनाधिकाऱ्यांना येत नव्हता. तो येत होता त्याच भागातल्या फर्न गावच्या पाणी व्यवस्थापन मंडळातल्या कारेल कॉग या वयस्क पर्यवेक्षकाला. कोणता चर कुठे वाहतो, कुठली जमीन किती खोल, हे त्याने आयुष्यभर पायाखाली घातले होते. फर्नचे न्यायाधीश एमरिक फेस यांना तिथे पूर्वी बचावासाठी मुद्दाम पाणी सोडल्याचा इतिहास ठाऊक होता. कॉगच्या सल्ल्याने आधी जुने स्पॅनिश जलद्वार उघडले. पाणी आले, पण फार धिमे.

जास्त पाणी हवे तर नोर्डव्हार्ट कालव्याचा बंधारा उघडायला हवा होता, आणि तो दोन्ही सैन्यांच्या मधोमध होता. जलद्वारांचे नेहमीचे कर्मचारी गाव सोडून गेले होते. उरला हेन्ड्रिक गेरार्ट, मालवाहू होड्या चालवणारा नावाडी. २९ ऑक्टोबरच्या रात्री तो कॅप्टन उमे आणि मोजक्या सैनिकांबरोबर अंधारात तिथे गेला. भरतीला झडपा वर घेतल्या, ओहोटीआधी खाली सोडल्या. पौर्णिमा जवळ येत होती, त्यामुळे भरती रोज वाढत होती. पुढच्या रात्रींतही तेच केले. या उतार नसलेल्या शेतांत पाणी लोंढ्यासारखे येत नाही. ते चरांतून चढते आणि मग खंदकांत शिरते. ३० तारखेला जर्मनांनी भरावापलीकडचे रामस्कापेले जिंकलेही होते, पण पाठीशी पाणी चढताना दिसले आणि त्यांना माघार घ्यावी लागली.

या कथेत त्या एका रात्रीचे कौतुक होते, ते योग्यच आहे. मला मात्र पुढची चार वर्षे अधिक मोठी वाटतात. पाणी एकदा सोडून भागत नाही. ते मुरते, उन्हाळ्यात आटते, पावसात आपल्याच बाजूला चढते. बेल्जियन सैन्याची खास अभियंता तुकडी युद्ध संपेपर्यंत, तोफांच्या माऱ्यात, ही दारे सांभाळत राहिली आणि गेरार्ट तिच्याबरोबर राहिला. या पाण्याची किंमत शेतकऱ्यांनी मोजली: घरे गेली, शेतात खारे पाणी साचले.

गेरार्ट १९२५मध्ये वारला. पुढे १९५०च्या हजार फ्रँकच्या नोटेवर एका बाजूला राजा अल्बर्ट आणि दुसऱ्या बाजूला हा नावाडी छापला गेला.