जुना प्रोग्राम, नवी भाषा

पायथॉन येणाऱ्याला गो ही भाषा शिकायची असेल, तर त्याने स्वतःचाच एखादा चालता प्रोग्राम घ्यावा आणि तो ओळीओळीने गोमध्ये उतरवावा. दीडशे ओळींचाही पुरे. हे काम एआयकडून करून घेऊ नये. शिकणे त्या उतरवण्यातच आहे. प्रोग्रामने काय करायचे आणि उत्तर काय यायला हवे हे आधीच ठाऊक असल्याने सगळे लक्ष भाषेकडे राहते.

समजा, प्रोग्राम फाइलमधले शब्द मोजतो. पायथॉनमध्ये फाइल सापडली नाही तर एक्सेप्शन येते, ते कुणी पकडले नाही तर प्रोग्राम थांबतो. गोमध्ये फाइलच्या जोडीने एररही हातात येते. ती व्हेरिएबलमध्ये घेऊन पुढे कुठेच वापरली नाही, तर कंपाइलर अडून बसतो.

चाचणीला मजकूर मराठीच घ्यावा. ‘मराठी’ची लांबी पायथॉन ३ मध्ये ५ येते, गोमध्ये १५. म, र, काना, ठ आणि वेलांटी असे पाच कोडपॉइंट पायथॉन मोजतो. गोचे ‘लेन’ बाइट मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये यातला प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइटचा. यूटीएफ-८ ची आखणी १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी केली; हेच दोघे गोच्या तीन निर्मात्यांपैकी. साध्या इंग्रजी मजकुरावर दोन्हीकडे आकडा सारखाच येतो, फरक कळतच नाही.

खरी भीती कंपाइलर गप्प राहतो तिथे. रविवारला ०, शनिवारला ६ धरून रविवारच्या आदल्या दिवसाचा वार काढायचा असेल, तर उणे एकला सातने भागून उरणारी बाकी पायथॉन ६ देतो, गो उणे १. पायथॉनमध्ये बाकीला भाजकाचे चिन्ह मिळते, गोमध्ये भाज्याचे. म्हणून दोन्ही प्रोग्रामना एकच माहिती द्यावी आणि उत्तरे ताडून पाहावीत.

उत्तरे जुळली तरी गोमध्ये उतरवलेला हा कोड पायथॉनच्याच वळणाचा असतो. गोच्या कंपाइलरचेही असेच झाले होते. तो आधी सीमध्ये होता. २०१५ च्या १.५ आवृत्तीसाठी तो यंत्राने गोमध्ये उतरवला. चालला, पण वाचताना जागोजागी सी जाणवे. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे भाग माणसांनी हळूहळू नव्याने लिहिले.