पोरे देऊन स्टार घेतला, तर फसले कोण?

आयपीएलमध्ये एका संघाचा खेळाडू लिलावाशिवाय दुसऱ्या संघाकडे जातो, त्या व्यवहाराला ट्रेड म्हणतात. कधी खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, कधी एकाच्या बदल्यात तिघे, कधी नुसते पैसे. त्यातला सर्वाधिक भांडणाचा प्रकार म्हणजे दोन-तीन नवखी पोरे देऊन एक नावाजलेला, तयार खेळाडू घेणे. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात या विषयावर मत नसलेला माणूस सापडणे कठीण. दिवाळीनंतर भाताची कापणी-झोडणी आटोपली की मोकळ्या शेतांत खेळपट्ट्या तयार होतात, मुंबई-ठाण्याचे चाकरमानी सुट्टी काढून येतात, मे महिन्यापर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा चालतात. आता तर गावच्या लीगमध्येही खेळाडूंचा लिलाव होतो. त्यामुळे आयपीएलचा ट्रेड जाहीर झाला की एसटी स्टँडपासून पोलादपूरच्या हायवेवरच्या चहाच्या टपरीपर्यंत निकाल लागतो, आणि तो बहुतेक वेळा एकाच वाक्याचा असतो : "उद्याचा पोरगा दिला आणि उतरणीला लागलेला घेतला. फसले."

हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने बोलले जाते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. तपासायचे तर त्याच्या पुराव्यादाखल हमखास दिला जाणारा दाखलाच घ्यावा : दिल्लीने अभिषेक शर्मा हैदराबादला "फुकट" दिला.

घडले ते असे. २०१८च्या मोठ्या लिलावात हैदराबादने शिखर धवनला राइट टू मॅच, म्हणजे दुसऱ्याच्या शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क, वापरून ५.२ कोटींना परत घेतले. त्या हंगामात संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण त्या रकमेवर धवन नाराज होता. हैदराबादने पुढे काढलेल्या निवेदनातच ही नाराजी नमूद आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये धवन दिल्लीला गेला आणि बदल्यात हैदराबादला तिघे मिळाले : विजय शंकर आणि शाहबाझ नदीम प्रत्येकी ३.२ कोटींचे, आणि अभिषेक शर्मा ५५ लाखांचा. अभिषेक तेव्हा १८ वर्षांचा होता. त्याच वर्षी पृथ्वी शॉच्या नेतृत्वाखाली १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या संघात तो होता आणि आयपीएलमधल्या पहिल्याच डावात त्याने १९ चेंडूंत नाबाद ४६ धावा केल्या होत्या.

आज अभिषेक टी-ट्वेंटीतला जगातला अव्वल फलंदाज ठरलेला आहे. एप्रिल २०२५मध्ये पंजाबविरुद्ध त्याने ५५ चेंडूंत १४१ धावा केल्या. धवन निवृत्त झाला. एवढ्यावर हिशेब मिटवला की दिल्ली फसली हे सिद्ध होते. पण यात मधली सात वर्षे गायब आहेत, आणि ट्रेडचा खरा जमाखर्च त्या वर्षांतच आहे.

२०१८मध्ये दिल्ली शेवटच्या क्रमांकावर होती. २०१२नंतर हा संघ एकदाही बाद फेरीत गेलेला नव्हता. धवन आला आणि त्याने तीन हंगामांत अनुक्रमे ५२१, ६१८ आणि ५८७ धावा केल्या. दिल्ली तिन्ही वर्षी बाद फेरीत गेली. २०२०मध्ये त्याने लागोपाठच्या दोन सामन्यांत शतके ठोकली, आयपीएलमध्ये तसे पहिल्यांदाच घडले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला दुसऱ्या क्वालिफायरमध्ये दिल्लीसमोर नेमका हैदराबादचाच संघ होता. धवनने ५० चेंडूंत ७८ धावा केल्या, दिल्लीने १८९ उभारल्या, हैदराबाद १७ धावांनी हरले आणि दिल्ली आपल्या इतिहासातल्या पहिल्या अंतिम फेरीत पोहोचली. धवन ज्या कामासाठी आणला होता ते काम त्याने इतक्या उघडपणे केल्यावर "दिल्लीला काय मिळाले" हा प्रश्न उरत नाही.

आता अभिषेक. २०१९ ते २०२१ या तीन हंगामांत हैदराबादकडून त्याच्या सगळ्या मिळून २०० धावाही झाल्या नाहीत. यात त्याचा दोष नाही. तो कोवळा होता, खालच्या क्रमांकावर येत होता, संधीही थोड्या होत्या. पण दिल्लीने त्या वर्षांत नेमके काय गमावले, याचे उत्तर या आकड्यात आहे.

यापुढची गोष्ट तर गप्पांमध्ये कधीच निघत नाही. २०२२च्या मोठ्या लिलावापूर्वी हैदराबादने केन विल्यमसन, अब्दुल समद आणि उमरान मलिक यांना राखले. अभिषेकला सोडून दिले. मग लिलावात उतरून त्याला ६.५ कोटींना विकत घेतले. त्या दालनात दिल्लीचाही टेबल होता आणि दिल्लीच्याही हातात फलक होता. म्हणजे २०२२च्या ४२६ धावा, २०२४चा २००च्या वरचा स्ट्राइक रेट, ते १४१, यातले काहीही २०१८च्या ट्रेडमधून आलेले नाही. ते २०२२च्या लिलावातून आले. ५५ लाखांचा करार २०२१मध्येच संपला होता. ट्रेडमध्ये माणूस मिळत नाही, त्याच्या कराराची उरलेली मुदत मिळते. हा फरक समजला की या विषयावरची निम्मी भांडणे मिटतात.

पोरगा दिल्याची अशी हळहळ अमेरिकेतल्या बेसबॉलच्या चर्चेतही असते. पण तिथे हे गणित खरोखर वेगळे असते. प्रत्येक क्लबच्या हाताखाली खालच्या लीगमधले अनेक संघ असतात आणि त्यांत पोरे वर्षानुवर्षे घडवली जातात. हंगाम ऐन रंगात असताना विजेतेपदाच्या शर्यतीतला क्लब अशी पोरे देऊन तयार खेळाडू घेतो. वरच्या लीगमध्ये आल्यावर तरुण खेळाडू साधारण सहा वर्षे क्लबच्या ताब्यात राहतो, म्हणून दिलेला पोरगा पुढे चमकला तर ती हळहळ रास्त असते. तरीही तिथला सर्वांत गाजलेला दाखला नीट पाहावा. ऑगस्ट १९८७मध्ये डेट्रॉइटने डॉइल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा गोलंदाज घेतला आणि अटलांटाला २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. स्मोल्ट्झ पुढे वीस हंगाम अटलांटाकडून खेळला आणि २०१५मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण अलेक्झांडरने त्या उरलेल्या दोन महिन्यांत नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटने आपला गट अवघ्या दोन विजयांच्या फरकाने मिळवला. तो नसता तर गट गेला असता. सहा वर्षांच्या ताब्याच्या खेळातही उत्तर इतके सरळ नाही. आयपीएलमध्ये तर २०११, २०१४, २०१८, २०२२ आणि २०२५ असे दर तीन-चार वर्षांनी मोठे लिलाव झाले आणि मोजके राखलेले वगळता सगळ्यांचा हिशेब पुन्हा कोरा झाला. "पुढच्या दहा वर्षांचा खेळाडू दिला" हे वाक्य आयपीएलला लागूच होत नाही.

दुसरी चूक त्याहून मूळची आहे : एकाला फायदा झाला म्हणजे दुसरा बुडालाच, असे धरून चालणे. पोलादपूरच्या डोंगरउतारावर शेती केलेल्या कोणत्याही जुन्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मिरग तोंडावर आला, घरात जोत्याला बैल नाही, गोठ्यात मात्र दोन चांगले खोंड आहेत. असा शेतकरी खोंड देतो आणि नांगराला जुंपता येईल असा बैल घेतो. पेरणी खोंडांच्या वाढीसाठी थांबत नाही. समोरच्याकडे आधीच जोडी आहे, वैरण आहे, दोन पावसाळे थांबायची ऐपत आहे. त्याला खोंडच हवे असतात. व्यवहार दोघांच्या सोयीचा होतो. हैदराबादची जोडी नेमकी अशीच भरलेली होती. बंदीची शिक्षा संपवून डेव्हिड वॉर्नर परतणार होता आणि ट्रेडनंतरच्या डिसेंबरमध्ये त्यांनी जॉनी बेअरस्टोला २.२ कोटींना घेतले. ३१ मार्च २०१९ला या दोघांनी बेंगळुरूविरुद्ध सलामीलाच १८५ धावा जोडल्या, दोघांचीही शतके झाली. वॉर्नरने त्या हंगामात ६९२ धावा केल्या. धवन गेला म्हणून हैदराबादची सलामी ओस पडली नाही, आणि अभिषेक गेला म्हणून दिल्लीचे त्या तीन वर्षांत काही अडले नाही.

अजिंक्य रहाणेच्या ट्रेडमध्ये हा हिशेब जास्त अवघड आहे. नोव्हेंबर २०१९मध्ये राजस्थानने त्याला दिल्लीकडे दिले आणि मयंक मार्कंडे व राहुल तेवतिया घेतले. २०२०मध्ये रहाणेने नऊ सामन्यांत ११३ धावा केल्या. उलट तेवतियाने २७ सप्टेंबरला शारजात, २२४ धावांचा पाठलाग करताना, आधी १९ चेंडूंत ८ धावा अशी कुथत सुरुवात केली आणि मग शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार मारले. पाहणाऱ्यांनी त्याच रात्री निकाल दिला की दिल्लीने हिरा फेकला. पण रहाणेच्या त्या ११३ पैकी ६० धावा एकाच डावातल्या आहेत, साखळीतल्या शेवटच्या सामन्यात बेंगळुरूविरुद्ध. तो सामना जिंकून दिल्ली दुसऱ्या क्रमांकावर राहिली, त्यामुळे क्वालिफायर एक हरूनही तिला दुसरी संधी मिळाली. राजस्थान त्या वर्षी तळाला होते. तेवतिया २०२२च्या लिलावात ९ कोटींना गुजरातकडे गेला. एवढे सगळे मांडूनही हा ट्रेड राजस्थानच्या बाजूने थोडा झुकतो, हे मान्य करायला हवे. पण "फेकला" हा शब्द त्याला बसत नाही.

खरोखर चुकलेला ट्रेड हवा असेल तर तो दिल्लीच्याच वहीत आहे, आणि त्यात कोणी तरुण पोरगा नाही. २०१९च्या अखेरीस दिल्लीने ट्रेंट बोल्टला मुंबईला दिले, बदल्यात खेळाडू न घेता. १० नोव्हेंबर २०२०, दुबई, अंतिम सामना, दिल्लीची फलंदाजी. पहिलाच चेंडू बोल्टने टाकला, मार्कस स्टोइनिसच्या बॅटची कड लागली, क्विंटन डिकॉकने झेल घेतला. बोल्टने ३० धावांत तीन बळी घेतले, सामनावीर तोच ठरला आणि मुंबईने पाचवे विजेतेपद घेतले. दिल्लीकडे वेगवान गोलंदाज रबाडा होता, म्हणून बोल्ट जास्तीचा वाटला असेल. पण विजेतेपदाच्या आड येणाऱ्या संघालाच नव्या चेंडूचा असा गोलंदाज देणे ही चूक होती. यावर नाक्यावर कोणी तावातावाने बोलत नाही, याचे मात्र नवल वाटते.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

"हंगाम मधेच अडला की एखादा स्टार ट्रेड करून घ्यावा." घेता येत नाही. ट्रेडची मुदत हंगाम संपल्यावर सुरू होते, लिलावाच्या आठवडाभर आधी थांबते आणि लिलावानंतर पुन्हा उघडून हंगामाच्या महिनाभर आधी बंद होते. सुरुवातीच्या सामन्यांत जवळजवळ न खेळलेल्या खेळाडूंना हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या संघात पाठवण्याची तरतूद २०१८पासून आली, पण संघांनी तिला हात लावला नाही. दुखापतीच्या जागी बदली खेळाडू घेणे हा वेगळा नियम आहे, त्याला ट्रेड म्हणत नाहीत.

"मालक खेळाडूला न विचारता विकतात." खेळाडूच्या संमतीशिवाय आयपीएलमध्ये ट्रेड होत नाही. बेसबॉलमध्ये मात्र करारात तसे कलम नसेल, किंवा लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात झालेली नसतील, तर खेळाडूला नकार देता येत नाही. आयपीएलच्या खेळाडूने परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी करणेही चालत नाही. रवींद्र जडेजाला त्या कारणावरून २०१०चा पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले.

"हार्दिकसाठी मुंबईने शंभर कोटी दिले." नोव्हेंबर २०२३मध्ये हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबईकडे आला, तेव्हा त्याचा १५ कोटींचा करार त्याच्याबरोबर आला आणि तेवढीच रक्कम मुंबईच्या लिलावाच्या पैशांतून वजा झाली. दोन संघांमधले हस्तांतर शुल्क निराळे असते, लिलावाच्या मर्यादेत ते मोजले जात नाही, आणि हार्दिकच्या बाबतीत ते कधीच जाहीर झालेले नाही. ऐकीव आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खेळाडूची रक्कम संमतीने बदलूही शकते : नोव्हेंबर २०२५मध्ये संजू सॅमसन १८ कोटींच्या करारासह चेन्नईला गेला आणि बदल्यात जडेजा राजस्थानला गेला, तेव्हा जडेजाची रक्कम १८ कोटींवरून १४ कोटींवर आली. त्याच व्यवहारात सॅम करनही २.४ कोटींना राजस्थानकडे गेला.

"स्टार आला की संघ वर गेलाच." हार्दिक आला त्या २०२४च्या हंगामात मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून शेवटची आली. कबड्डीच्या या मुलखात दुसरा दाखला जास्त जवळचा वाटेल. २०२२मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतसाठी २.२६ कोटी मोजले, तेव्हा ती प्रो कबड्डीतली विक्रमी बोली होती. पहिल्याच सामन्यात सुरुवातीलाच त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. त्याच्या जागी चढाईची मुख्य जबाबदारी नरेंदर या नवख्या पोरावर पडली. त्याने २००हून जास्त गुण मिळवले आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेले.