चाक राहिलं, सायकल गेली

भाच्याचा फोन आला, "मावशी, चाक आहे, सायकल नाही." केंब्रिजच्या गिल्डहॉलशेजारी, पीज हिलवर त्याने ती लावली होती. पुढचं चाक कुलपासकट स्टँडला तसंच, बाकी सगळं लंपास. झटक्यात निघणाऱ्या अशा चाकांचा खटका फिरवला की झालं, हत्यारसुद्धा लागत नाही. भर दुपार, शेजारी मार्केट स्क्वेअरचा बाजार. चारजणांनी पाहिलंही असेल. पण सायकलशी झटणारा माणूस चोर कसला, चेन उतरलेला मालकच वाटतो.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७९ साली मांडलं होतं की, चोरीला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: इच्छुक चोर, हाताशी माल आणि राखणदाराचा अभाव. केंब्रिजचा जुना गाभा यातला माल तरी भरभरून पुरवतो. गल्ल्या मध्ययुगीन, पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्रात परवान्याशिवाय गाडी ठेवता येत नाही, म्हणून जो तो सायकलवर. कॉलेजांच्या कुंपणांवर मात्र 'सायकली लावू नयेत' अशा पाट्या! मी पुण्याची, सायकलींचे ढीग मला नवे नाहीत. पण इथे कठडा दिसला की त्याला सायकल टेकलेलीच.

आता आकड्यांची गंमत. गुन्ह्यांचं प्रमाण दर हजार रहिवाशांमागे काढतात. २०२१च्या जनगणनेत केंब्रिजची लोकसंख्या सुमारे १ लाख ४५ हजार होती. शहराच्या गाभ्यात तर मोजकेच लोक राहतात. तिथे फिरतात ते पर्यटक, खरेदीला आलेले, बाहेरगावाहून कामाला येणारे. पाकीट त्यांचं मारलं जातं, भागाकार रहिवाशांनी होतो आणि नकाशावर गाभा लालभडक दिसतो.

लोकांनाच विचारावं, तर तेही होतं. १९८२पासून सरकारी सर्वेक्षण घरोघरी विचारतं, गेल्या वर्षभरात तुमच्यावर गुन्हा घडला का? पोलिसात न गेलेले गुन्हेही त्यात येतात, हा त्याचा मोठा गुण. पण ते घरांतच विचारतं. मी चेरी हिंटनमध्ये घर करून राहते, म्हणजे माझी पाळी येऊ शकते. कॉलेजच्या खोलीत राहणारा भाचा त्यात नाही. किंग्ज कॉलेजच्या चॅपलकडे माना वर करून पाहताना खिसा रिकामा झालेला परदेशी पाहुणाही नाही. ज्यांच्यामुळे हा गाभा गजबजतो, नेमके तेच गळतात. म्हणून निदान पोलिसात तरी नोंदवा, असं मी पोरांच्या मागे लागते. "सायकल थोडीच मिळणार आहे?" म्हणून ती टाळतात. पण नोंदच नसेल तर गस्त कुठे वाढवायची, हे कळणार कसं?

ग्रँड आर्केडखालचा सायकलतळ फुकट आहे, तो वापरा. आणि फ्रेमचा नंबर लिहून ठेवा. बहुतेक सायकलींवर तो खाली, पेडलच्या दांड्यापाशी कोरलेला असतो. भाच्याला तो विचारला, तर म्हणाला, "सायकलवरच होता ना."