स्वयंचलित ठिबक सिंचन: बिघाड नेमका कुठे, कसा शोधाल?

मोबाईलवर ‘व्हॉल्व्ह ३ चालू’ असे दिसते, पण प्लॉटमध्ये माती कोरडीच असते. अनेक यंत्रणांमध्ये ‘चालू’ याचा अर्थ कंट्रोलरने आदेश पाठवला, एवढाच असतो. पाणी खरोखर गेले का, हे वॉटर मीटरवरूनच कळते. त्यामुळे लगेच सुटे भाग बदलू नका. पुढील क्रमाने तपासणी करा.

१) प्रवाह मोजा : ९ × ५ फूट अंतरावरील एक एकर द्राक्षबागेत सुमारे ९६८ वेली बसतात. प्रति वेल ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असल्यास तासाला ७,७४४ लिटर, म्हणजे १० मिनिटांत सुमारे १,२९० लिटर पाणी जायला हवे.
- मीटर फिरत नाही : पंप बंद किंवा व्हॉल्व्ह उघडलेला नाही.
- प्रवाह कमी : फिल्टर किंवा ड्रिपर चोक, दाब कमी.
- प्रवाह जास्त : लॅटरल फुटलेली किंवा दुसरा व्हॉल्व्ह उघडा.

२) बिघाडाची व्याप्ती पाहा : एकच व्हॉल्व्ह बंद असेल, तर दोष बहुधा त्याच्या कॉइलमध्ये, वायरमध्ये किंवा डायफ्राममध्ये असतो. एका वायरलेस युनिटवरील सर्व व्हॉल्व्ह बंद असतील, तर त्याची बॅटरी, सोलर पॅनेल व अँटेना तपासा. संपूर्ण शेतातील व्हॉल्व्ह बंद असतील, तर मुख्य कंट्रोलर व पंपापासून सुरुवात करा.

३) व्हॉल्व्ह हाताने उघडा : पंप सुरू ठेवून व्हॉल्व्ह हाताने उघडल्यावर पाणी आले, तर व्हॉल्व्ह ठीक आहे; दोष कॉइल, वायर किंवा संदेशात आहे.

४) कॉइलची अदलाबदल करा : वीजपुरवठा व पाणी बंद करून शेजारच्या व्हॉल्व्हची त्याच प्रकारची चांगली कॉइल येथे बसवा. व्हॉल्व्ह चालला, तर जुनी कॉइल खराब. तरीही चालला नाही, तर वायरचे जोड व कंट्रोलरचे आउटपुट तपासा.

५) सेन्सरच्या नोंदीची वेळ पाहा : पाणी देऊनही ओलाव्याचा आकडा बदलत नसेल, तर शेवटची नोंद कधीची आहे ते पाहा. नोंद जुनी असल्यास संपर्क तुटला आहे. नोंद ताजी असल्यास सेन्सरचा मातीशी संपर्क तपासा.

महत्त्वाचे : बॅटरीवर चालणारे लॅचिंग सोलेनॉइड संपर्क तुटल्यावर शेवटच्या स्थितीतच राहते. व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर पाण्याबरोबर विद्राव्य खतेही मुळांच्या खाली वाहून जातात. म्हणून व्हॉल्व्ह बंद होण्याची कमाल वेळ शेतातील युनिटमध्येच सेट करून घ्या. पंपाच्या स्टार्टरची तपासणी मात्र वायरमनकडूनच करून घ्यावी.