अब्बांचा आवाज कुठे ठेवावा?

मरहूम अब्बांचा आवाज आमच्या घरात एकाच ठिकाणी उरला होता, त्यांच्या जुन्या फोनमध्ये. पुण्यात शिकणाऱ्या नातवाला ते कळमनुरीहून रोज फजरनंतर व्हॉइस मेसेज धाडत, "उठ्या क्या बेटा? नमाज पढ्या?" त्या फोनची बॅटरी फुगू लागली, तेव्हा आम्ही घाईने १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणली. कॉम्प्युटरने ती ९३१ जीबीच दाखवली. दुकानदाराने फसवलं नव्हतं. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

आधी कॉम्प्युटरवरून तिच्यात निकाहांचे फोटो भरले आणि आजोबांच्या उर्दू खरेदीखतांचेही. ही खतं निजामाच्या राजवटीतली, १९४८ च्या आधीची. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधत होती, तेव्हा जुने उर्दू कागद वाचणाऱ्यांना केवढी मागणी आली होती! फोटो अस्सल कागदाची जागा घेत नाही, पण वाळवी लागली तर मजकूर तरी हाती राहतो.

मग डिस्क फोनला जोडली. पडद्यावर सूचना आली : वापरण्यासाठी फॉरमॅट करा. मुलाचं बोट बटणावर गेलंच होतं, आम्ही हात धरला. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं.

डिस्क बिघडलेली नव्हती. ती विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची होती आणि बरेच अँड्रॉइड फोन ती पद्धत वाचत नाहीत. मॅक वाचतो, पण तिच्यात नवीन काही टाकू देत नाही. जुनी फॅट-३२ जवळपास सगळीकडे चालते, मात्र ४ जीबीहून मोठी फाइल घेत नाही, म्हणजे वलीम्याचा लांबलचक व्हिडिओ बाहेरच. एक्सफॅट मात्र विंडोज, मॅक, आयफोन आणि बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनवर चालते. म्हणून डिस्क आणल्या दिवशी, ती रिकामी असतानाच, कॉम्प्युटरवर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी. आम्हाला भरलेलं सगळं उतरवून पुन्हा चढवावं लागलं.

डिस्क फोनला दिसतच नसेल तर सेटिंगमध्ये ओटीजी चालू आहे का पाहावं; काही फोनमध्ये ते आपोआप बंद होतं. फिरत्या चकतीच्या डिस्कला फोनची वीज कधी कधी पुरत नाही, ती नुसती टिकटिक करते. फोनसाठी एसएसडी बरी, महाग असली तरी. आयफोन १५ पासून टाइप-सी आहे, त्याआधीच्यांना अडॅप्टर लागतो. आणि कॉपी चालू असताना वायर ओढायची नाही, आधी 'इजेक्ट' करायचं. आपल्याकडे वीज केव्हाही जाते, तेव्हा टेबलावरच्या कॉम्प्युटरपेक्षा लॅपटॉपवर हे काम केलेलं बरं.

डिस्कही पडते, बंद पडते. सगळं तिच्यात टाकून फोनमधून पुसून टाकलं तर प्रत पुन्हा एकच उरते. म्हणून दुसरी प्रत आम्ही नांदेडला बहिणीकडे ठेवली आहे, तीही पेटीत कुलूपबंद.

व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज फोटोंच्या गॅलरीत सापडत नाहीत. 'अँड्रॉइड' फोल्डरमधल्या 'मीडिया'त, व्हॉट्सॲपच्या आत 'व्हॉइस नोट्स'मध्ये, आठवड्यागणिक वेगळ्या फोल्डरांत ते असतात. फाइलच्या नावात तारीख असते, पण कोणाचा आवाज, कोणाला पाठवला, हे नसतं. म्हणून रोज इशानंतर अम्मी एकेक मेसेज ऐकतात, कोणाला आणि कशाबद्दल ते सांगतात, आणि आम्ही फाइलला नाव देतो. अजून निम्मे बाकी आहेत.