डोकेदुखीची पारख

‘जरा डोके दुखते आहे’ हे वाक्य घरोघरी इतक्या वेळा ऐकू येते की, त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. कपाळाला सुंठेचा लेप लावावा किंवा एखादी गोळी घ्यावी, की काम भागले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु डोकेदुखी हा काही एकच विकार नव्हे. तिचे प्रकार अनेक असून एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. म्हणून औषधापूर्वी पारख हवी.

सर्वांत अधिक आढळते ती ताणाची डोकेदुखी. डोक्याभोवती पट्टा आवळावा तसे दोन्ही बाजूंना जखडल्यासारखे वाटते. पण उलटी होत नाही आणि हिंडण्याफिरण्याने दुखणे वाढत नाही. विश्रांती, पुरेशी झोप व प्रसंगी एखादी साधी गोळी एवढ्याने ती बहुधा शमते.

अर्धशिशीचे स्वरूप निराळे. आयुर्वेदाने तिचे वर्णन ‘अर्धावभेदक’ या नावाने केले आहे. बहुधा डोक्याची एक बाजू ठणकू लागते, मळमळते, उजेड व आवाज सोसवत नाही, जिना चढला तरी कळ वाढते. रोगी अंधाऱ्या खोलीत पडून राहतो. हा झटका 4 ते 72 तास टिकतो. काहींना त्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. हा विकार पुष्कळदा आनुवंशिक असतो आणि स्त्रियांत अधिक आढळतो. जागरण, उपवास, कडक ऊन व मासिक पाळी ही त्याची नेहमीची निमित्ते होत.

उलटीनंतर काहींना उतार पडतो, म्हणून अर्धशिशीला ‘पित्त’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः उलटी हे तिचे लक्षण आहे, कारण नव्हे. या गैरसमजापायी कित्येक जण वर्षानुवर्षे पित्ताचीच औषधे घेत राहतात आणि मूळ विकार तसाच राहतो.

अर्धशिशीत गोळी घ्यावयाची ती दुखणे सुरू होताच. साध्या गोळीने भागले नाही, तर ट्रिप्टान वर्गातील औषधे आहेत. पण हृदयविकार असलेल्यांना ती वर्ज्य असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. झटके वारंवार येत असतील, तर ते टाळण्यासाठी रोज घ्यावयाची औषधेही मिळतात.

येथे एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 दिवस, किंवा ट्रिप्टान व मिश्र गोळ्या 10 दिवस, याप्रमाणे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास त्या गोळ्याच डोकेदुखीचे कारण होऊन बसतात. दुखते म्हणून गोळी आणि गोळीमुळे पुन्हा दुखणे, असे हे चक्र चालू राहते. म्हणून एका वहीत दुखण्याचा दिवस, वेळ, आदल्या दिवसाची झोप, जेवण आणि घेतलेली गोळी यांची नोंद ठेवावी. डॉक्टरांना रोगाचे निदान करण्यास ही वही फार उपयोगी पडते.

मात्र क्षणार्धात पराकोटीला पोचलेली वेदना, तापासह आखडलेली मान, हातापायांतील अशक्तपणा, अडखळणारी वाचा, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेल्या डोकेदुखीचीही लवकर तपासणी करून घ्यावी. अशा वेळी घरगुती लेपात घालविलेला वेळ जिवावर बेतू शकतो.